दारू पिणाऱ्याला दाढेची भूल चढत नाही, हे खरं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मिस्टरांचं वय ४४, बरीच वर्षं रोज रात्री एक क्वार्टर. खालची दाढ किडलेली, चार दिवस ठणकत होती. काढायला गेले, तीन इंजेक्शनं झाली, ओठ जड पडला, पण पक्कड लावली की जीव जात होता. शेवटी डॉक्टरांनी दाढ तशीच ठेवून घरी पाठवलं आणि म्हणाले, "दारू पिणाऱ्याला भूल चढत नाही." आता मिस्टर म्हणतात, मग परत जाऊन काय उपयोग, आणि गेलोच तर थोडी घेऊनच जातो. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: दारूमुळे भूल खरंच लागत नाही का, किती दिवस बंद ठेवायची आणि दाढ काढल्यावर पुन्हा केव्हा चालेल.

मी २६ वर्षं तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. रोज पिणाऱ्या माणसांच्या दाढा मी भरपूर काढल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक साध्या इंजेक्शनवर, न दुखता निघाल्या आहेत. त्यामुळे आधी हे सांगतो की परत जाऊन नक्की उपयोग आहे. तुमच्या मिस्टरांचं इंजेक्शन दारूमुळे फसलं असण्यापेक्षा पेटलेल्या दाढेमुळे फसलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. दारूची गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी, पण तिची कारणं वेगळी आहेत आणि ती भुलेपेक्षा मोठी आहेत.

गोंधळाचं मूळ आपल्या शब्दातच आहे. आपण पोटाच्या ऑपरेशनला देतात तिलाही भूल म्हणतो आणि दाढेला देतात तिलाही भूलच म्हणतो. पहिल्या प्रकारात औषध रक्तातून मेंदूत जातं आणि माणसाला झोपवतं. रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला गुंगीची सवय झालेली असते. मेंदूतल्या ज्या जागी दारू काम करते, तिथेच झोपेची आणि गुंगीची काही औषधं काम करतात, म्हणून अशा माणसाला झोपवायला औषध जास्त लागू शकतं. भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आधी "दारू घेता का, किती घेता" असं खोदून विचारतात ते याच कारणाने. "पिणाऱ्याला भूल चढत नाही" हे वाक्य तिथून निघालं आणि फिरत फिरत दाताच्या खुर्चीपर्यंत आलं.

दाढेचं इंजेक्शन मेंदूला झोपवत नाही. त्यात बहुतेक ठिकाणी २ टक्के लिग्नोकेन असतं आणि सोबत अगदी थोडं, ८०,००० भागांत १ भाग, अ‍ॅड्रेनलिन. हे औषध ज्या नसेजवळ सोडलं तिथेच काम करतं. नसेतून दुखण्याचा निरोप पुढे जायला तिच्या पडद्यातल्या बारीक दारांमधून सोडियम आत शिरावं लागतं. लिग्नोकेन ती दारं अडवतं, आणि निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. रात्री घेतलेल्या क्वार्टरने या दारांना काही होत नाही. नस पिणाऱ्याची असो वा माळकऱ्याची, औषध नेमक्या जागी आणि पुरेसं पोचलं की ती बधिर होते.

मग तीन इंजेक्शनं का फसली? चार दिवस ठणकणारी खालची दाढ आमच्या कामातली सगळ्यांत हट्टी दाढ असते. लिग्नोकेनला नसेच्या आत शिरायचं तर त्याचा काही भाग विशिष्ट रूपात असावा लागतो. दाढेखाली पू झाला की तिथलं मांस आंबट होतं, म्हणजे आम्ल वाढतं, आणि औषधाचा नसेत शिरू शकणारा भाग कमी होतो. सुजेमुळे तिथे रक्तपुरवठाही वाढलेला असतो, त्यामुळे औषध लवकर वाहून जातं. तुम्ही म्हणाल, इंजेक्शन तर मागे, जबड्याच्या कोपऱ्याजवळ देतात, दाढेपासून लांब. बरोबर आहे. पण पेटलेल्या दाढेची नस स्वतःच इतकी चवताळलेली असते की नेहमीच्या औषधाला ती दाद देत नाही. म्हणून ओठ पूर्ण बधिर आणि दाढ मात्र जिवंत, असं होतं. ओठ जड झाला याचा अर्थ मुख्य नसेपर्यंत औषध गेलं. दाढेचा गाभा बधिर झाला, असा त्याचा अर्थ नाही.

शिवाय प्रत्येकाच्या जबड्याची ठेवण वेगळी. नस हाडात जिथून शिरते ते भोक कोणाचं थोडं वर, कोणाचं थोडं मागे. काहींच्या खालच्या दाढेला दुसऱ्या बाजूनेही एक बारीक नस आलेली असते. आणि वेळेचा मुद्दा तर रोजचा आहे. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनला मी निदान १० मिनिटं देतो, हट्टी दाढ असेल तर १५. बाहेर बाकावर पंधरा माणसं बसलेली असली की ही १० मिनिटं कापण्याचा मोह होतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्या मोहाला बळी पडलो आहे आणि रुग्णाने ते सोसलं आहे. मागच्या डॉक्टरांनी काय केलं मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. तीन इंजेक्शनांनंतर ओढून न काढता थांबले, हे त्यांनी चांगलंच केलं.

आता दुसरी बाजू. रोज पिणाऱ्या माणसाला मला कधी कधी थोडं जास्त औषध द्यावं लागतं, हे मी नाकारत नाही. ही माणसं उशिरा येतात. दाढ दुखली की दोन घोट त्या बाजूला धरून ठेवतात, वेळ मारून नेतात, आणि माझ्याकडे येईपर्यंत गाल सुजलेला असतो. (असा घोट धरू नका, दाढ बरी होत नाही आणि हिरडी भाजते.) दुसरं कारण भीती. डॉक्टर रागावतील, वास येईल, बायकोसमोर विचारतील, या धास्तीने माणूस आधीच ताठ झालेला असतो आणि ताठ झालेल्या माणसाला दाबही दुखल्यासारखा वाटतो. दाढ काढताना दाब जाणवतोच, तो कुठल्याही इंजेक्शनने जात नाही. टोचल्यासारखी तीव्र कळ मात्र यायला नको. हा फरक मी आधी समजावून सांगतो आणि "कळ आली तर डावा हात वर करा, मी थांबेन" असं ठरवून घेतो. तिसरं कारण सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे. रोजची दारू एकदम तुटली की शरीरातल्या सगळ्या नसा खवळतात आणि दुखणं जास्त जाणवतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दोन दिवस कोरडा राहिलेला माणूस खुर्चीत जास्त विव्हळतो, तो पिणारा आहे म्हणून नव्हे, अचानक थांबला आहे म्हणून.

"थोडी घेऊनच जातो" याला माझं सरळ उत्तर नाही असं आहे. दारूने दाढ बधिर होत नाही, फक्त माणूस बेफिकीर होतो, आणि मला खुर्चीत बेफिकीर माणूस नको असतो. प्यायलेल्याला उलटी होऊ शकते. तोंड बधिर, घशाची राखण ढिली, अशा वेळी उलटी किंवा रक्त श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. रक्तदाब आणि नाडी वरखाली होते. नशेतल्या माणसाने दिलेल्या संमतीला अर्थ नसतो. त्यात भीतीसाठी कोणाच्या सांगण्यावरून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी घेतली असेल तर ती आणि दारू मिळून श्वास मंदावू शकतो. असे रुग्ण मी परत पाठवतो, रागाने नव्हे. एकदा सकाळी ११ वाजता एक गृहस्थ धीर यावा म्हणून घेऊन आले होते. त्यांना चहा पाजला, सोबत आलेल्या भावाला दुसऱ्या दिवसाची पहिली वेळ दिली. दुसऱ्या दिवशी दाढ २० मिनिटांत निघाली आणि ते म्हणाले, "एवढंच होतं होय!"

रात्रीची सकाळपर्यंत उतरते का, हेही हिशेबाने बघा. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम जाळतं. रात्री ११ ला क्वार्टर संपली तर ती पूर्ण जायला पहाटेचे ५ ते सकाळचे ८ वाजतात. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. दीड क्वार्टर झाली असेल तर सकाळी १० च्या अपॉइंटमेंटला माणूस रिकामा झालेला नसण्याचीच शक्यता जास्त.

मग किती दिवस बंद ठेवायची? इथे मी एक आकडा सगळ्यांना देत नाही. आठवड्यातून एखादवेळ घेणाऱ्याला मी सांगतो, आदल्या दिवशी घेऊ नका, बस. रोज घेणाऱ्याच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न असतो: एखादी रात्र चुकली तर सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, मळमळतं का, झोप उडते का? उठल्या उठल्या लागते का? उत्तर नाही असेल तर आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवून सकाळची वेळ घ्यावी. उत्तर हो असेल तर घरच्या घरी, दाढेसाठी म्हणून, एकदम दारू तोडू नका.

यावर मी जोर देतो कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. एका रुग्णाला मी सहज म्हणालो होतो, "तीन दिवस बंद ठेवा, मग या." रोज किती घेतात हे मी नीट विचारलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशीच आले, हात थरथरत होते, शर्ट घामाने भिजलेला. मी ते भीतीचं लक्षण समजलो. वेटिंगमध्येच त्यांना फिट आली. सुदैवाने शेजारच्या फिजिशियनकडे लगेच नेलं आणि ते बरे झाले. रोजची दारू तुटल्यावर पहिल्या दिवसात थरथर सुरू होते, फिट यायची ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते आणि दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात माणूस दगावू शकतो. दाढ त्या मानाने चार दिवस थांबू शकते. त्यामुळे थरथर होणाऱ्यांनी आधी फिजिशियन किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन औषधांच्या आधाराने दारू कमी करावी आणि दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलून वेळ ठरवावी. गाल सुजून तोंड उघडत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर मात्र थांबायचं नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, पिऊन असले तरी.

थोडक्यात इथपर्यंतचं: भूल फसली ती बहुधा पेटलेल्या दाढेमुळे, पिऊन जायचं नाही, आणि थरथर होत असेल तर अचानक तोडायचंही नाही.

आता ज्या कारणासाठी डॉक्टरांना खरं सांगायलाच हवं, त्याकडे येतो. ते कारण म्हणजे यकृत. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृत खराब झालं असेल तर तीन गोष्टी बदलतात. पहिली, लिग्नोकेन यकृतातच मोडलं जातं. ६० किलोच्या निरोगी माणसाला अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची वरची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम धरली तर ४२० मिलिग्रॅम होते. एका इंजेक्शनला साधारण ४० मिलिग्रॅम जातं, म्हणजे तीन इंजेक्शनांनी काही बिघडत नाही. पण यकृत थकलेलं असेल तर ही मर्यादा खाली आणावी लागते आणि "चढत नाही" म्हणून इंजेक्शनावर इंजेक्शन देत राहणं धोक्याचं होतं. औषध जास्त झालं तर ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूची चव, कानात आवाज, मग बरळणं आणि फिट, या क्रमाने जाऊ शकतं. अशा ठिकाणी मी आर्टिकेन या भुलेच्या दुसऱ्या औषधाचा विचार करतो, कारण ते बरंचसं रक्तातच मोडतं.

दुसरी गोष्ट रक्त. रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होतात, आणि दारूने प्लेटलेटही कमी होतात. भूल उत्तम लागली, दाढ सुंदर निघाली, आणि रात्री दोन वाजता उशी लाल झाली म्हणून फोन आला, असा अनुभव माझ्यासारख्या प्रत्येकाच्या गाठीशी असतो. म्हणून मिस्टरांची दाढ काढण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), यकृताची तपासणी आणि रक्तातली साखर एवढं करून घ्या. रक्तदाबही मोजून घ्या. रोज पिणाऱ्यांत तो वाढलेला सापडतो आणि १८०/११० च्या वर असेल तर मी ठरवून करायचं काम पुढे ढकलतो.

तिसरी गोष्ट गोळ्या. आपल्याकडे दाढेच्या सुजेला मेट्रोनिडॅझोल सर्रास दिलं जातं, मेट्रोजिल या नावाने ते घराघरात माहीत आहे. त्याच्यासोबत दारू गेली तर चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो. टिनिडॅझोलचंही तसंच, आणि ऑर्निडॅझोलबरोबरही दारू टाळलेलीच बरी. गोळ्या चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी ३ दिवस दारू नको. ते जमणार नाही असं वाटत असेल तर आधीच सांगा, डॉक्टर दुसरं औषध निवडतील. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा केटोरोलॅक दारूच्या पोटावर घेतली तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल पोटाला बरी, पण रोज पिणाऱ्याने दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, म्हणजे ६५० च्या तीन गोळ्या. दुखतं म्हणून दर दोन तासांनी एक, असं करू नका.

आणि ताई, एक नाजूक गोष्ट विचारतो, राग मानू नका. घरातल्या बायका कधी कधी नवऱ्याला न सांगता जेवणात दारू सोडवायचं औषध घालतात. मी त्यामागची हतबलता समजू शकतो. पण त्यात डायसल्फिराम असेल तर ते आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र आल्याने माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो, आणि अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनेसुद्धा त्रास होऊ शकतो. तुम्ही असं काही देत असाल तर डॉक्टरांना एकटीने भेटून सांगा, आणि न सांगता देणं थांबवा.

दाढ निघाल्यावर ओठ आणि जीभ ३ ते ५ तास बधिर राहते. त्या वेळात पिणं म्हणजे गाल चावून घेणं. खड्ड्यात जी रक्ताची गाठ बसते तीच जखमेचं झाकण असते. दारूने रक्तवाहिन्या पसरतात, रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं, आणि पिताना खळखळून थुंकायची सवय असेल तर गाठ निघूनच येते. निदान ३ दिवस नको, आणि मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर वर सांगितलेला हिशेब. सोबतची तंबाखू, मिश्री, विडी यांनी जखमेचं दारूइतकंच, किंबहुना जास्त नुकसान होतं. दारू आणि तंबाखू दोन्ही असेल तर दाढेसोबत सगळं तोंड तपासून घ्या. पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल तर तो दाखवल्याशिवाय राहू नका.

परत जाताना असं करा. शक्य असेल तर मुखशल्यचिकित्सकाकडे (ओरल सर्जनकडे) जा, नाहीतर त्याच डॉक्टरांकडे. सकाळची पहिली वेळ मागून घ्या. नाश्ता करून जा, उपाशी नको, कारण दारू आणि उपास मिळून साखर खाली जाते. रिपोर्ट हातात घ्या, तुम्ही सोबत जा. खुर्चीत बसण्याआधी मिस्टरांनी स्वतः सांगावं: "रोज एक क्वार्टर घेतो, शेवटची अमुक वेळेला घेतली, मागच्या वेळी ओठ बधिर झाला पण दाढ दुखली." शेवटचा भाग डॉक्टरांना फार उपयोगाचा असतो. त्यावरून ते ठरवतात की आधी चार-पाच दिवस सूज उतरवायची, की मुख्य इंजेक्शनच्या जोडीला दाढेच्या बाजूने आर्टिकेन द्यायचं, की हाडाच्या आणि दाढेच्या मधल्या फटीत थोडं औषध दाबून सोडायचं. हे तीनही उपाय मी वापरतो आणि तुमच्या मिस्टरांसारख्या दाढा त्यांनी निघतात.

घरी आल्यावर कापूस ४५ मिनिटं चावून धरायचा, २४ तास चूळ भरायची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढून कानाकडे जाऊ लागला तर खड्डा कोरडा पडला आहे, म्हणजे ती रक्ताची गाठ निघून गेली आहे, असं समजा. त्यावर क्वार्टर हा इलाज नव्हे, दवाखान्यात औषधी पट्टी भरली की बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो.